न पाहिलेले गिऱ्हाईक

आपल्या करार कायद्यात एक घोडा आहे. १८७२ साली हा कायदा झाला, तेव्हापासून तो तेथे बांधलेला आहे. घोडा सदोष आहे. त्याचा पाय लंगडा आहे की छाती भरलेली आहे, हे कायदा सांगत नाही. आणि त्याच्या मालकानेही ते सांगितलेले नाही. सतराव्या कलमाखालच्या उदाहरणात 'क' नावाचा मनुष्य हा घोडा लिलावात 'ख'ला विकतो. घोड्यात खोट आहे हे 'क'ला पक्के ठाऊक असते. पण तो तोंडातून अवाक्षर काढीत नाही. ही फसवणूक झाली काय? कायदा म्हणतो, नाही झाली.

त्याच्या लगेच खाली दुसरे उदाहरण आहे. घोडा तोच, 'क' तोच आणि मौनही तेच. फरक इतकाच की, 'ख' ही आता 'क'ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. आता मात्र कायदा सांगतो की, या नात्यामुळे घोड्याची खोट सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात 'ख' म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन." यावर 'क' गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्यासारखेच होय.

हा घोडा मी विधी महाविद्यालयात जवळजवळ तीस वर्षे विकला. दर वर्षी मागच्या बाकावरून एखादा विद्यार्थी उठून विचारीच, "सर, मुलीला सांगायचे आणि परक्याला सांगायचे नाही, हा कुठला न्याय?" मी त्याला विश्वासाचे नाते म्हणजे काय ते समजावून सांगे, तो ते वहीत उतरवून घेई, आणि तास संपे. उत्तर बरोबर होते. परीक्षेत गुण मिळवून देणारे होते. पण त्या मुलाचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. तो नीतीचा होता, आणि तो मागच्या बाकावरून उठून माझ्याबरोबर घरी येई.

आता कायद्यावर निष्ठुरपणाचा आरोप करणे सोपे आहे. पण तो अन्यायाचा होईल. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बाजार होता. आपणही एकदा बाजार डोळ्यांसमोर आणू या. दत्तजयंतीच्या सुमारास खानदेशात तापीच्या काठी सारंगखेड्याला घोड्यांची मोठी यात्रा भरते. नांदेडकडे माळेगावला खंडोबाच्या यात्रेतही घोडे येतात. तेथे गिऱ्हाईक काय करते ते पाहावे. ते जनावराचे तोंड उघडून दात पाहते. खूर उचलून त्यावर बोट वाजवते. गुडघ्यापासून खाली हात फिरवून कोठे ऊब लागते का ते पाहते. भोवरे मोजते, छातीवर देवमण असला तर मनात हरखते आणि चेहऱ्यावर दाखवीत नाही. मग घोडा पळवून आणायला सांगते, शेजारच्या व्यापाऱ्याला हळूच विचारते, गावाहून बरोबर आणलेल्या जाणत्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहते. आणि शेवटी रुमालाखाली बोटांना बोटे भिडवून सौदा होतो. अशा ठिकाणी विक्रेत्याचे मौन ही लबाडी नसते. तो त्या खेळाचा एक नियम असतो. दोघेही खेळत असतात, आणि घोडा दोघांच्या मध्ये उभा असतो. मालक बोलला नाही तरी घोडा बोलतो. ज्याला सत्य शोधण्याचे साधन होते आणि ज्याने साधी दक्षताही घेतली नाही, त्याने मागाहून मौनाबद्दल तक्रार करू नये, असे एकोणिसावे कलम म्हणते ते याच समजुतीवर.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी थोडी अधिक सवलत दिली होती. नारदस्मृतीत दुभत्या जनावराच्या परीक्षेला तीन दिवस आणि ओझे वाहणाऱ्या जनावराच्या परीक्षेला पाच दिवस दिलेले आहेत. रोमन लोक याहून कडक. त्यांच्या बाजारावरील अधिकाऱ्यांनी आज्ञाच काढली होती की, गुलाम किंवा जनावर विकणाऱ्याने त्याचे रोग आणि दोष उघड सांगितले पाहिजेत. आमच्या शास्त्राने गिऱ्हाइकाला वेळ दिला. रोमने विक्रेत्याला जीभ दिली. (गुलाम आणि घोडा एकाच आज्ञेत बसवले होते याची लाज त्या शहाण्या अधिकाऱ्यांना वाटली नाही, हेही नमूद करून ठेवतो.)

परंतु घोडा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये समुद्र आला म्हणजे?

हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला नवा नाही. दक्षिणेच्या हवेत चांगली घोड्यांची पैदास होत नसे, आणि राजांना तर घोडदळ हवे. म्हणून इराणच्या आखातातून आणि अरबस्तानातून जहाजे भरभरून घोडे येत. वस्साफ या इराणी इतिहासकाराने तेराव्या शतकाच्या अखेरीस चाललेल्या एका सौद्याची हकीकत दिली आहे. कैस बेटावरून दर वर्षी चौदाशे घोडे पांड्यांच्या मुलखात उतरवायचे, दर घोड्यामागे २२० सुवर्ण दीनार घ्यायचे. आणि वाटेत जे घोडे मरतील त्यांचीही किंमत राजाच्या खजिन्यातून मिळायची! दोनशे वर्षांनंतर विजयनगरात हीच रीत दिसते. नुनीज नावाचा एक पोर्तुगीज १५३५ च्या सुमारास तेथे होता. तो स्वतः घोड्यांचाच व्यापारी. तो लिहितो की, साळुव नरसिंह राजा हजार परदावांना तीन या दराने घोडे घेई, जिवंत असोत वा मेलेले. जे समुद्रात मरत त्यांची नुसती शेपटी आणून दाखवली की पुरे होई.

या शेपटीने मला फार दिवस सतावले आहे. राजा भोळा नव्हता. त्याला घोड्यांची गरज होती, उत्तरेकडच्या सुलतानांना ते मिळू नयेत ही त्याहून मोठी गरज होती. व्यापारी बिचकून परत गेला तर नुकसान राज्याचे होते. म्हणून समुद्राचा धोका त्याने स्वतःच्या माथ्यावर घेतला. यात एक प्रकारचा न्यायही आहे: जो समर्थ आहे आणि ज्याला वस्तू हवी आहे त्याने वादळाची किंमत द्यावी. पण क्षणभर त्या जहाजावर जाऊ या. गोडे पाणी मोजके आहे. वारा पडला आहे. डेकखाली घोडे तहानेने माना टाकीत आहेत. जिवंत घोड्याचे जे पैसे, तेच शेपटीचे पैसे. आता त्या घोड्याला पाणी पाजायला भाग पाडणारे जगात काय उरले? राजा दूर, कायदा दूर आणि नफा तर ठरलेलाच. उरले ते फक्त त्या मोतद्दाराचे मन. आणि ती शेपटी तरी समुद्रात मेलेल्या घोड्याचीच कशावरून? होर्मुझच्या बंदरावर कुठल्यातरी तट्टाची कापून आणली नसेल कशावरून? राजाने घोडा पाहिला नव्हता, समुद्र पाहिला नव्हता. त्याच्यासमोर केसांचा एक झुबका होता आणि त्यामागे एका परक्या माणसाचा शब्द होता.

आपल्या पुराणांतही एक शेपटी आहेच. उच्चैःश्रव्याची शेपटी पांढरी की काळी, यावर कद्रू आणि विनता या दोन बहिणींनी पैज लावली. हरेल तिने दासी व्हायचे. घोडा समुद्रापलीकडे. कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना सांगितले, "शेपटीला केसांसारखे चिकटून बसा." दुसऱ्या दिवशी विनता समुद्र ओलांडून गेली, तिने शेपटी काळी पाहिली आणि ती दासी झाली. या कथेत आपण विनतेबद्दल हळहळतो. मला मात्र त्या सर्पांचे नवल वाटते, ज्यांनी हे काम करायला आधी नकार दिला. त्यांना आईने जनमेजयाच्या यज्ञात जळण्याचा शाप दिला. खोटी शेपटी व्हायला नकार देणाऱ्याला घरातूनच शाप मिळतो, हे महाभारतकारांना पुरते ठाऊक होते.

मार्को पोलोची हकीकत याहून वाईट आहे. तो ऐकीव गोष्टीही बिनदिक्कत लिहितो, हे लक्षात घेऊनच ती वाचावी. तो म्हणतो की, त्या दक्षिणेतल्या राजाने आणि त्याच्या भावांनी हजारो घोडे विकत घ्यावे आणि वर्ष संपता संपता त्यांतले शंभरही उरू नयेत. कारण तेथे घोड्यांची निगा कोणाला कळत नसे. त्यांना भात आणि मांस शिजवून घालीत. आणि घोडे आणणारे व्यापारी आपल्याकडचा नालबंद किंवा घोड्यांचा वैद्य त्या देशात मुद्दाम जाऊ देत नसत. घोडे मेले तर पुढच्या वर्षी नवे विकता येत!

वाचकांनी पाहावे की, येथे करार कायद्यातली कोणतीही खोट झालेली नाही. घोडे खणखणीत होते. दात खरे, पाय खरे, शेपटीही जागच्या जागी. जे लपवले ते घोड्यातले वैगुण्य नव्हते. घोडा कसा जगवावा एवढेच लपवले. खोटी वस्तू विकणारा एकदा फसवतो. पण खरी वस्तू विकून तिच्याविषयीचे ज्ञान रोखून धरणारा जन्मभर फसवीत राहतो, आणि तरीही त्याच्या वहीत कुठे खाडाखोड सापडत नाही.

आजचे व्यापारी शेपटी पाठवीत नाहीत, कागद पाठवतात. परदेशी माल विकायचा तर बँकेचे पतपत्र उघडतात. ठरलेले दाखले, जहाजाची किंवा विमानाची पावती, वैद्यकीय प्रमाणपत्रे ही सारी बिनचूक आली की बँक पैसे देते. या व्यवहाराचे जे आंतरराष्ट्रीय नियम २००७ पासून चालू आहेत त्यांत स्वच्छ म्हटले आहे की, बँकांचा संबंध कागदांशी असतो, मालाशी नसतो. विजयनगरच्या दरबारातल्या कारकुनाला हे कलम वाचून दाखवले असते तर त्याने मान डोलावली असती.

हे सारे आताच का आठवावे? कारण माझी एक भाची अमेरिकेत, व्हर्जिनियात असते. तिच्या मुलीसाठी त्यांनी एक घोडी घेतली होती, क्वार्टर हॉर्स जातीची, बदामी रंगाची. आता नात कॉलेजात गेली, घोडीकडे पाहणारे कोणी उरले नाही, म्हणून विकायला काढली. या जातीचे शौकीन जर्मनीत पुष्कळ आहेत. तेव्हा परदेशातूनही विचारणा येऊ लागली. मामा कायदा शिकवीत असे, एवढ्या भांडवलावर भाचीने मला सल्लागार नेमले. अमेरिकेचा कायदा मला येत नाही, असे मी तिला सांगितले. "मामा, मला कायदा विचारायचाच नाही," ती म्हणाली. तेव्हाच मी सावध व्हायला हवे!

पहिले गिऱ्हाईक मोठे गोड होते. त्याने किंमत कमी करा म्हटले नाही. उलट, मी किमतीपेक्षा चार हजार डॉलर जास्तीचा बँकेचा चेक पाठवतो, तुम्ही वरचे पैसे माझ्या वाहतूकदाराला परस्पर देऊन टाका, तो येऊन घोडी घेऊन जाईल, असे कळवले. हा तिकडचा फार जुना झालेला डाव आहे. तेथील नियमाप्रमाणे बँकेला असा चेक भरल्यावर एक-दोन दिवसांत पैसे खातेदाराला वापरू द्यावे लागतात. खात्यात आकडा दिसतो, आणि माणूस समजतो की पैसे आले. चेक बनावट असल्याचे कळायला कधी कधी आठवडे लागतात. तोवर वाहतूकदाराला दिलेले चार हजार गेलेले असतात, क्वचित घोडीही गेलेली असते, आणि बँक सारी रक्कम खातेदाराकडून वसूल करते. भाचीने चेक घेतलाच नाही. मी विचारले, "तुला कशावरून संशय आला?" ती म्हणाली, "मामा, त्याने घोडीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. तिचे वयसुद्धा नाही."

कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात मला इतकी चांगली कसोटी सापडलेली नाही.

दुसरे गिऱ्हाईक जर्मनीतल्या एक बाई होत्या. यांनी इतके प्रश्न विचारले की भाची रात्ररात्र उत्तरे लिहीत बसे. खुरांचे फोटो, नालांचे फोटो, चालताना, दुडकताना, वळताना घेतलेली चलच्चित्रे. मग त्यांनी स्वतःच्या खर्चाने तेथील एका पशुवैद्याकडून तपासणी करवली. सांधे वाकवून, घोडी पळवून, क्ष-किरणांनी हाडे पाहून. शिवाय रक्त काढून घेतले. तपासणीच्या दिवशी जनावराला शांत ठेवण्यासाठी काही औषध टोचले होते की काय, ते रक्तावरून मागाहूनही कळते. घोड्यांच्या व्यापाराने माणसाच्या स्वभावाचा अभ्यास किती खोलवर केला आहे, पाहा! घोडी निर्दोष ठरली. बाईंना ती आपल्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी हवी होती.

आणि येथे गोष्ट अडली. तीन वर्षांपूर्वी चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, शेजारच्या मळ्यात दारूकाम चालू असताना ही घोडी उधळली होती. कुंपण तोडून रस्त्यावर गेली. पाठीवर कोणी नव्हते म्हणून निभावले. त्यानंतर तसा मोठा प्रसंग आला नाही. पण दूरवर बार उडाला तरी ती कान मागे टाकते आणि हाताबाहेर जाऊ पाहते. हे क्ष-किरणांत दिसत नाही. रक्तात सापडत नाही. बाईंनी शंभर प्रश्न विचारले, त्यांत हा नव्हता. आणि जर्मनीत ३१ डिसेंबरच्या रात्री गल्लोगल्ली लोक फटाके उडवतात. आपली दिवाळीच म्हणा ना!

भाचीचे यजमान म्हणाले, "विचारले नाही, मग सांगायचे कशाला? तपासणी त्यांनी केली. आहे तशी घोडी घेत आहोत, असे करारात लिहून देणार आहेत. घोडा म्हटला की बुजणारच. आणि जगात त्या पहिल्या चोरासारखे लोक असताना आपणच एवढे सोवळे कशाला पाळायचे?" गृहस्थ वाईट नाहीत. हिशेबात पैचा घोळ न करणारे आहेत. त्यांच्या बोलण्यात वजन होते म्हणूनच ते येथे देतो.

हा वाद सिसेरोच्या एका ग्रंथात आहे. दुष्काळ पडलेल्या ऱ्होड्स बेटावर अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी गहू घेऊन येतो. मागून आणखी गव्हाची जहाजे येत आहेत हे त्याला माहीत आहे. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने गहू विकावा? बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे; देवांचे स्वरूप काय आहे हेही मी तुम्हाला सांगत नाही, आणि गव्हाच्या भावापेक्षा ते जाणणे तुमच्या अधिक उपयोगाचे आहे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसांमाणसांत निसर्गाने नाते जोडलेले आहे. सर्व सांगितले पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो.

मला यात दोघांचेही पूर्ण पटत नाही. गव्हाची जहाजे उद्या बंदरात दिसणारच आहेत. भावाची बातमी बाजाराची असते. कष्टाने, धाडसाने ती आधी मिळवणाऱ्याला तिचा थोडा लाभ झाला तर मी त्याला पापी म्हणणार नाही. आपल्या कायद्याचे चौथे उदाहरणही असेच आहे: भावातल्या चढउताराची खाजगी बातमी एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला सांगितलीच पाहिजे असे नाही. पण घोडीच्या मनातली भीती ही बाजाराची बातमी नव्हे. ती जगात फक्त एका घराला ठाऊक आहे. ती उद्या कुठल्याही बंदरात उतरणार नाही. उतरेल ती एकदाच, ३१ डिसेंबरच्या रात्री, एखादे वेळी त्या मुलीसकट.

आणि येथे मला मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न नव्याने उलगडला. मुलीला का सांगायचे? बाप तिच्यावर प्रेम करतो म्हणून नव्हे; प्रेमाची सक्ती कायदा करीत नाही. मुलगी घोड्याचे दात पाहत नाही म्हणून. ती बापाच्या डोळ्यांनीच घोडा पाहते. तिला दुसरे डोळे नाहीत. बाजारातला परका स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, म्हणून त्याला गप्प राहून विकता येते. आता सांगा, समुद्रापलीकडे बसलेली ती बाई कोणाच्या डोळ्यांनी घोडी पाहत होती? चलच्चित्रे भाचीने घेतलेली, उत्तरे भाचीने लिहिलेली. पशुवैद्याने हाडे पाहिली. पण हाडांपलीकडचे जे काही आहे ते तिला माझ्या भाचीच्या शब्दांतूनच दिसायचे. अंतर वाढले म्हणजे परका अधिक परका होतो असे आपण समजतो. व्यवहारात उलटे घडते. तो जितका दूर, तितका तो आपल्या शब्दावर विसंबलेला. म्हणजे त्या नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीच्या जागी आलेला.

राहिला तो चोर. चोरापासून जपावेच. पैसे खरोखर आपले झाले असे बँकेने सांगेपर्यंत घोडी गोठ्याबाहेर काढू नये. जास्तीचे पैसे परत पाठवण्याच्या भानगडीत पडू नये. वाहतूकदार कोण, त्याचा विमा कोणता, धोका कोणत्या क्षणी कोणाकडे जातो, हे करारात लिहून घ्यावे. पण दाराला कुलूप लावणे ही एक गोष्ट आणि दारात आलेल्याशी खरे बोलणे ही दुसरी. पहिली केली म्हणून दुसरीतून सूट मिळत नाही. चोराने केलेल्या पापाची भरपाई त्या जर्मन बाईकडून का घ्यायची, हे मी भाचीच्या यजमानांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, "मामा, तुम्ही निवृत्त झालात हे बरे झाले."

या सबंध चर्चेत घोडीला कोणी विचारले नाही, हेही सांगायला हवे. करारात दोन पक्ष असतात. तिसरा जीव विमानातल्या लाकडी कप्प्यात उभा असतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. व्यवहार चोख झाले, पैसे सरकारात जमा झाले. १९३० साली डोरोथी ब्रुक नावाची एक इंग्रज बाई कैरोला गेली, तेव्हा तिला हे घोडे दिसले: म्हातारे, हाडे निघालेले, गाड्या ओढणारे, दगडांच्या खाणींत राबणारे. तिने इंग्लंडातल्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिले, लोकांनी पैसे पाठवले, आणि काही वर्षांत तिने असे सुमारे पाच हजार घोडे परत विकत घेतले. त्यांतले बहुतेक इतके जर्जर होते की त्यांना शांतपणे मरण देणे एवढेच तिच्या हाती होते. ज्यांनी ते इजिप्तमध्ये विकत घेतले तेही गरीब होते, घोड्यावर पोट भरणारे होते. त्यांना दोष देणे मला जमत नाही. विकणाऱ्यांना मात्र गिऱ्हाईक कोण आहे हे पाहायचेच नव्हते. न पाहिलेले गिऱ्हाईक ही कधी कधी विक्रेत्याची अडचण नसते; ती त्याची सोय असते.

भाचीने शेवटी बाईंना सगळे लिहिले: तारीख, कुंपण, कान मागे टाकणे, सारे. चार दिवस उत्तर आले नाही. यजमान काही बोलले नाहीत, हे त्यांच्या सौजन्याला शोभेसेच. पाचव्या दिवशी बाईंचे पत्र आले. लहान मुलीसाठी ही घोडी आपण घेऊ शकत नाही. पण आपली एक परिचित, पन्नाशीची, गावापासून दूर रानात राहणारी, आयुष्यभर घोड्यांत वावरलेली अशी एक आहे, तिला पत्ता देऊ का? ती दुसरी बाई विमानाने व्हर्जिनियाला आली. दोन दिवस राहिली. पहिला दिवसभर ती घोडीवर बसलीच नाही, नुसती तिच्याजवळ उभी राहिली. सौदा झाला, मूळ किमतीपेक्षा दीड हजार डॉलर कमी घेऊन. घोडी काय खाते, कोणत्या बाजूने जवळ गेलेले तिला आवडते, थंडीत कोणता खूर दुखतो, हे भाचीने आठ पाने लिहून दिले आहे. रक्ताच्या तपासण्या आणि आरोग्याचे दाखले व्हायचे आहेत. पण विमानाचा दिवस दोघींनी मिळून पुढे ढकलला. ३१ डिसेंबर उलटून गेल्यावर, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिला पाठवायचे ठरले आहे.